‘चार दिवसांत कोणी विचारावयास आले नाही’

गुरुवार, घाटमाथा

बाप्तिस्म्याची वही लोखंडी कपाटात, जुन्या गीतपुस्तकांच्या गठ्ठ्याखाली होती. पाळकसाहेबांनी आधी टेबलावर धुतलेलं फडकं पसरलं, मग दोन्ही हातांनी वही त्यावर ठेवली. कडांना कसर लागली होती, पण शाई टिकून होती. माळशेज घाटाच्या वरच्या अंगाला एका लहान गावात हे चर्च आहे. पाळक तरुण आहेत, तिथे येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झालीत. पानं मी उलटायची नाहीत एवढी एकच अट त्यांनी घातली. मी सांगत गेले, ते उलटत गेले.

हवी ती नोंद तासाभराने सापडली. बाळबोध, सरळ, घाई नसलेलं अक्षर.

‘नाव रूथ. पूर्वीचे नाव बुधी. वय अदमासे सहा. गाव वैशाखरे. शेरा: आई पटकीने रस्त्यात वारली. मूल तिच्यापाशी बसलेले आढळले. घर उंबराच्या पाण्यापाशी असे सांगते. चार दिवसांत कोणी विचारावयास आले नाही. सबब सोबत आणले. उजव्या हातावर गोंदण, खाली काढल्याप्रमाणे.’

खाली लिहिणाऱ्याने खरोखरच चित्र काढलं होतं. चार पायऱ्यांची उभी शिडी आणि तिच्या टोकाला पाच ठिपके.

ही रूथ म्हणजे माझ्या आईची आजी. आई तिला बाय म्हणायची. आईची आई लवकर गेली, म्हणून आईला बायनेच वाढवलं. बाय लिहायला-वाचायला शिकल्यावर कोणीतरी तिला ही नोंद दाखवली होती. त्यातलं एक वाक्य तिला पाठ होतं आणि तक्रारीचा सूर न लावता ती ते सांगायची: मला न्यायला कोणी आलं नाही. आईची शाळा सुटायची तेव्हा फाटकाशी सगळ्यांत आधी बाय उभी असे. पावसात, तापात, शाळा घराच्या समोर आली तरीही. मुली हसायच्या, असं आई सांगते.

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. मी तीस वर्षं एका दैनिकाच्या बातमीकक्षात काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. निघताना आई म्हणाली होती, ‘‘बाकी काही नाही सापडलं तरी चालेल. एवढंच बघून ये, खरंच कोणी आलं नव्हतं का.’’

नोंदीचे फोटो घेतले. सवयीप्रमाणे माझ्या वहीत पेन्सिलीने सगळा मजकूर उतरवला आणि पातळ कागद ठेवून शिडी गिरवून घेतली. दुपारच्या एसटीने घाट उतरले. बायला ज्या घाटाने वर नेलं, तोच हा. भाद्रपद लागला होता. धबधबे बारीक झाले होते आणि धुकं गाडीच्या खिडकीपर्यंत येऊन परत फिरत होतं. सहा वर्षांच्या मुलीने यातलं काय पाहिलं असेल, याचा अंदाज करण्याचा मोह आवरला. त्याला पुरावा नाही.

शुक्रवार, वैशाखरे

वैशाखरे मुरबाडहून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नोंदीत गाव स्पष्ट लिहिलेलं, त्यामुळे काम सोपं वाटलं होतं. सकाळी दहा ते दुपारी दोनपर्यंत मी उंबराच्या पाण्याची चौकशी केली. उंबर पुष्कळ होते, पाणीही पुष्कळ. पण त्या नावाची जागा कोणाला माहीत नव्हती. पटकीची साथ, घाटात मेलेली बाई, हरवलेली मुलगी, यांपैकी एकही गोष्ट कोणाच्या ऐकण्यात नव्हती. एका दुकानदाराने मला जमिनीच्या वादातली समजून सातबारा तलाठ्याकडे मिळतो असं दोनदा सांगितलं.

चांगुणाबाई ओटीवर चवळीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. मी गिरवलेला कागद त्यांच्यापुढे धरला.

‘‘पुन्यावरना येवढा लांब गोंदान दाखवाया आलीस?’’ त्या म्हणाल्या. ‘‘टीव्हीवाली हायेस काय गो?’’

पेपरवाली होते, आता काही नाही, असं मी सांगितलं. मग पाणी आलं, काकडी आली. भाद्रपदातली ही काकडी हातभर लांब, सालीला पिवळी. आमच्याकडे पुण्यात ती कोशिंबिरीत जाते. इथे जाड फोड करून मिठाबरोबर हातात देतात आणि ती संपेपर्यंत कामाचं बोलत नाहीत.

फोड संपल्यावर त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग आपला हात माझ्यापुढे केला. त्यांच्या शिडीच्या टोकाला तीन ठिपके होते. या बाजूला गोंदणाऱ्या बाया तीन देत, असं त्यांनी सांगितलं. पाच ठिपक्यांची शिडी शहापूरकडची. त्यांची सासू शेणव्याकडून आलेली, तिच्या हातावर अशीच होती. सासूचं सगळंच आमच्यापेक्षा दोनाने जास्त, असं म्हणून त्या स्वतःशीच हसल्या.

वहीत गाव वैशाखरे लिहिलंय, मी म्हटलं.

‘‘घाट उतरला का मानूस हितंच बसतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसला म्हंजे हितला झाला काय?’’

हे मला सकाळीच सुचायला हवं होतं. बातमीच्या सुरुवातीला गाव असतं, ते बातमी जिथून पाठवली त्याचं. घटना तिथली असेलच असं नाही. नव्या उपसंपादकांना ही गोष्ट मी अनेकदा शिकवली आहे. नोंद करणाऱ्याला मूल वैशाखऱ्यात सापडलं, त्याने वैशाखरे लिहिलं. त्याने खोटं काही लिहिलं नव्हतं.

मुक्काम मुरबाडला केला. खानावळीत तांदळाची भाकरी आणि सुकट मिळाली. खोलीच्या गच्चीवरून दक्षिणेकडे सिद्धगडाचा डोंगर अर्धा दिसत होता, अर्धा ढगात होता. आईला फोनवर ठिपक्यांचं सांगितलं. ती म्हणाली, बाय उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालायची. त्यामुळे ठिपके मोजायला मिळालेच नाहीत. कान मात्र माहीत होता. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, बाय ती पदराखाली ठेवायची आणि विचारलं की जन्माचीच आहे म्हणायची. वेणी घालताना फक्त आईला दिसायची. नोंदीत कानाचा उल्लेख नव्हता. मी तो वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवला.

शनिवार, शेणव्याच्या पुढे

मुरबाडहून सरळगाव, तिथून किन्हवलीच्या रस्त्याने जीप बदलत शेणव्याला पोचले. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलं होतं. शेणव्याच्या नाक्यावर चहावाल्याला विचारलं, तेव्हा त्याने हातातलं गाळणं न ठेवता उत्तर दिलं. उंबराचं पाणी म्हणजे डोंगराखालचा झरा, त्याच्या वर वीस-पंचवीस घरांची वाडी. रिक्षा डांबर संपेपर्यंत जाईल, पुढे बांधावरून चाला.

बांधावर माझा पाय घसरला. मी गुडघाभर चिखलात गेले आणि फोन भाताच्या पाण्यात गेला. तो सापडला, पण पुन्हा सुरू झाला नाही. नोंदीचे सगळे फोटो त्यात होते. वही खांद्यावरच्या पिशवीत कोरडी राहिली. समोरून सुनंदा नावाची बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. तिने भारा खाली टाकला, मला हात दिला आणि कुठे जायचंय विचारलं. मी म्हटलं, वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे. ती म्हणाली, तो माझाच सासरा आहे.

गोमाबाबा दारात बसून सुतळी वळत होते. घर कारवीच्या कुडाचं, सारवलेलं, वर अर्धे पत्रे अर्धी कौलं. सुनंदाने पाय धुवायला पाणी दिलं. मी ठरवलं होतं की नोंदीतलं काहीही आधी सांगायचं नाही. आपण सांगितलेलंच आपल्याला परत ऐकू येण्याचा धोका प्रत्येक मुलाखतीत असतो. म्हणून एवढंच विचारलं, की पूर्वी कधी या घरातलं कोणी घाटावर गेलं आणि परतलं नाही, असं काही ऐकलंय का.

गोमाबाबांचे हात थांबले. बोलली ती सुनंदा.

‘‘मंग आपून पान कुनाचा ठेवतो, बाबा?’’

त्या घराची एक रीत आहे. वाडीतल्या दुसऱ्या कुठल्याही घरात ती नाही, हे मी नंतर तीन घरांत विचारून पक्कं केलं. सर्वपित्रीला गेलेल्या माणसांची पानं आत ओळीने मांडतात. गोमाबाबांच्या घरी एक पान जास्त असतं. ते ओळीत नाही, उंबऱ्याच्या बाहेर ठेवतात. त्यावर आतल्याइतकंच वाढतात. जे मेल्याचं कळलेलं नाही, त्याला मेलेल्यांत बसवायचं नाही, असा त्याचा अर्थ. आम्ही ईस्टरच्या पहाटे कबरींवर फुलं ठेवतो. तिथेही कबर नसलेल्याचं काय करायचं, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

मग गोमाबाबा सावकाश सांगू लागले. त्यांच्या आजाने, म्हणजे आजोबांनी, त्यांना सांगितलेली गोष्ट. बाहेरचं पान आजाच्या धाकट्या बहिणीचं. भात झाल्यावर वाडीतल्या बाया टोळीने घाटावर ज्वारीच्या कापणीला जात. त्या वर्षी तिची आई तिला घेऊन गेली. बाप आणि थोरला मुलगा, तोच आजा, भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घरी राहिले. परतताना घाटाखाली पटकी झाली आणि आई गेली. टोळीतल्या बाया भिऊन आपापल्या माहेराकडे पळाल्या. पटकीच्या जागेवरून आलेल्या माणसाला कोणी शिवेच्या आत घेत नसे, म्हणून वाडीकडे निरोप घेऊन कोणीच आलं नाही.

मुलीचं नाव काय, मी विचारलं.

बुधी, ते म्हणाले. मी ते लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं. या डोंगरात बुधवारी जन्मलेली कोणतीही मुलगी बुधी असू शकते.

आणखी काही आठवतं का तिचं, असं विचारल्यावर ते पहिल्यांदा हसले.

‘‘कान फाटका व्हता तिचा. कानात बाळी घातलेली. आजानं तिच्या कानाशी पाला धरलेला, शेळी आली पाल्याला, तोंडात आली बाळी. आजाला बापानं लय मारला. म्हातारा झाला तरी शेळीला शिव्या द्यायचा.’’

कुठला कान, मी विचारलं. त्यांनी आपला डावा कान धरला.

काल वेगळ्या पानावर लिहिलेली कानाची ओळ मी काढून पाहिली. मग मागची पानं उलटून त्यांना नोंद वाचून दाखवली. गोमाबाबा वाचता न येणारे लोक ऐकतात तसं, पूर्ण ऐकत होते. ‘चार दिवसांत कोणी विचारावयास आले नाही’ या वाक्याला त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर बोटांवर काहीतरी मोजलं.

‘‘चार दिसांत कसा येल?’’ ते म्हणाले. ‘‘बाजार तरी भराया पायजे ना.’’

त्यांना वाटलं, एवढ्यावर मला कळलं असेल. मला कळलं नव्हतं. सुनंदाने उलगडून सांगितलं. त्या काळी या वाड्यांना खबर कळायची ती आठवड्याच्या बाजारात. मुरबाडच्या बाजारातली गोष्ट पुढच्या बाजारी शहापूरला पोचे, मग मिठाबरोबर वाडीत येई. दोन बाजारांच्या मधल्या दिवसांत कोणी मेलं काय नि जन्मलं काय, डोंगरापलीकडे कळत नसे. बापाला सहाव्या दिवशी बाजारात कळलं. तो तिथूनच निघाला. दहा वर्षांचा आजा त्याच्याबरोबर होता. आठव्या दिवशी ते वैशाखऱ्याला पोचले.

मूल तीन-चार दिवसांपूर्वी एक माणूस वर घेऊन गेला, एवढंच त्यांना तिथे समजलं. दोघं घाट चढून गेले. माथ्यावर वाटा फुटत होत्या आणि कुठल्या वाटेने जायचं ते सांगणारं कोणी नव्हतं. आजाचे पाय फुटले होते. बापाने त्याला खांद्यावर घेतलं आणि खाली उतरला. त्यानंतर त्याने मुरबाडचा एकही बाजार चुकवला नाही, असं गोमाबाबा म्हणाले. विकायला काही असो-नसो, जायचा. वरून आलेल्या प्रत्येक बैलवाल्याला विचारायचा.

वहीत लिहिणाऱ्याने चार दिवस वाट पाहिली होती. पटकीच्या जागी परक्या मुलाला घेऊन चार दिवस थांबणं कमी नाही. तो दिवस मोजत होता आणि ज्यांची वाट पाहत होता ते बाजार मोजत होते. एवढंच झालं होतं.

घरात रेंज नव्हती. सुनंदा मला झऱ्याकडे घेऊन गेली. उंबराच्या बुंध्याशी दगडी बांध घालून पाणी अडवलेलं आहे, त्यावर पडलेली उंबरं तरंगत होती. वाडीत फोन फक्त त्या बांधावर उभं राहिलं की लागतो. तिच्या फोनवरून आईला लावला. बाप आठव्या दिवशी आला होता ना, असं आईने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. मग शेळीचं सांगितलं. पलीकडून आवाज आला तो हसण्याचा. हसता हसता तिला खोकला लागला.

‘‘जन्माचाच म्हणायची गं,’’ ती म्हणाली. ‘‘मला घेऊन चल तिकडे.’’

निघताना गोमाबाबांनी विचारलं, ती मेली कशी, एकटी होती का. मी सांगितलं, की म्हातारी होऊन, घरात, माझ्या आईचा हात धरून. जेवली होती का, त्यांनी विचारलं. ते मला माहीत नव्हतं. आईला विचारून सांगते म्हटलं.

सर्वपित्री, पुन्हा वाडीत

या वेळी गाडी केली होती. डांबर संपलं तिथे सुनंदा आणि वाडीतल्या तीन बाया प्लास्टिकची खुर्ची घेऊन उभ्या होत्या. आईला खुर्चीत बसवून त्यांनी बांधावरून उचलून नेलं. वाटेत भेटणारा प्रत्येक जण नवरी कुठली म्हणून विचारत होता. ‘‘नवरी ह्याच वाडीची,’’ सुनंदा म्हणाली, ‘‘लय उशिरा आली, म्हून उचलून न्यावी लागते.’’ आई खुर्चीचे हात घट्ट धरून होती आणि वाकून, मागे घसरलीस तिथे पुन्हा घसरू नकोस असं मलाच बजावत होती.

गोमाबाबा अंगणाच्या कडेपर्यंत आले. दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. दोघं नातवंडं, एक भावाचं आणि एक बहिणीचं. आईने पहिलं वाक्य उच्चारलं ते माझ्याकडे राहिलेलं उत्तर होतं.

‘‘जेवली होती. मऊ भात, दूध घालून. मीच भरवला.’’

गोमाबाबांनी मान हलवली आणि तिला ताई म्हणून घरात बोलावलं.

सागाची पानं मांडून झाली होती. भात, उडदाची आमटी, भोपळ्याची भाजी, वडे, खीर. आत सात पानं होती. आठवं उंबऱ्याच्या बाहेर, तितकंच भरलेलं. आईने ते पाहिलं आणि खुर्ची त्याच्याजवळ घ्यायला सांगितली.

गोमाबाबा म्हणाले, पान बाहेर होतं तोवर ती वाटेवर होती. आता कळलं की ती म्हातारी होऊन, जेवून, माणसांत गेली. तर तिला आत घ्यायची. पण कोणी घ्यायची, यावर त्यांचा आणि सुनंदाचा सकाळपासून वाद चालला होता, तो आता मिटलेला दिसला.

‘‘तुला वाढवली तिनं,’’ ते आईला म्हणाले. ‘‘तूच आन तिला आत.’’

आईने माझ्याकडे पाहिलं. ती सत्तर वर्षं न चुकता रविवारच्या उपासनेला बसलेली बाई आहे. पितरांना पान तिने कधी वाढलेलं नाही. ती उठली, सुनंदाने तिला कमरेला धरलं, आणि वाकून तिने ते पान दोन्ही हातांनी उचललं. खीर एका बाजूला कलली. उंबरा उंच होता. एक पाय आत टाकून ती थांबली आणि तिने विचारलं, बापाचं पान कुठलं.

पानांवर नावं नसतात. गोमाबाबांनी भिंतीकडचं दुसरं दाखवलं. शेजारच्या पानाला सरकवून त्यांनी जागा केली. आईने बायचं पान तिथे ठेवलं, कलती खीर बोटाने सारखी केली आणि ते बोट पदराला पुसायचं विसरून तशीच बसून राहिली.

जेवणं त्यानंतर झाली. वडे फार चांगले होते.

परतताना, घाटमाथा

संध्याकाळच्या आत चर्चला पोचलो. मी पाळकसाहेबांना आधीच विचारून ठेवलं होतं. वहीतल्या नोंदीत बदल करता येणार नाही, ते त्यांच्या हातात नाही. पण त्या पानाशी एक चिठ्ठी ठेवायला हरकत नाही, असं ते म्हणाले. आम्ही पेपरात चूक दुरुस्त करायचो तेही मूळ अंक न पुसता, दुसऱ्या दिवशी, त्याच पानावर.

त्यांनी पुन्हा फडकं पसरलं आणि वही उघडली. आईने चष्मा बदलून नोंद स्वतः वाचली. ती तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. गोंदणाच्या शिडीवरून बोट फिरवलं, पण टेकवलं नाही. मी कागद दिला आणि काय लिहावं ते सांगू लागले. कोणी सांगितलं, कधी, कोणत्या गावी, आधार काय. तिने ऐकून घेतलं. मग टेबलाशी वाकून, मोठ्या अक्षरात, फक्त दोन ओळी लिहिल्या.

‘आठव्या दिवशी बाप आला होता. आम्हाला उशिरा कळले.’